गोकुळाची गोष्ट आणि पाणंदीचा हक्क



शहरी माणसाच्या तीन आवडींबद्दल आज बोलायचे आहे. पहिली, गुराखी, मेंढपाळ आणि शेतशिवार यांच्या गोष्टी वाचण्याची. दुसरी, अद्भुत चित्रपट पाहण्याची. तिसरी, रविवारी उजाडता उजाडता सायकल काढून गावरस्त्यांवर भटकून येण्याची. या तिन्ही आवडी पुष्कळदा एकाच माणसाच्या ठायी सापडतात आणि त्याच्यावर आरोपही एकच होतो : हा वास्तवाला पाठ दाखवतो. आरोप जुना आहे आणि तो करणारी माणसे मोठी आहेत, त्यामुळे हसून सोडून देता येत नाही. माझे म्हणणे असे की रम्य गावाच्या कल्पनेत भूल पाडण्याची शक्ती आहे हे खरे, पण तिच्या उत्तम रूपात तीच कल्पना वास्तव मोजण्याचे मापही हाती देते. त्या आनंदातूनच माणसांनी रस्ते, रान आणि माळ यांच्यावरचे हक्क मागितल्याचे दाखले आहेत. म्हणून हा आनंद योग्य की अयोग्य, यावर वाद घालण्यापेक्षा तो पुढे कुठे जातो हे तपासावे.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकू. हा वाङ्मयप्रकार गावाने स्वतःसाठी रचलेला नाही. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात थिओक्रिटसने सिसिलीच्या गुराख्यांची गाणी रचली, ती अलेक्झांड्रियासारख्या ग्रंथालयांच्या आणि राजदरबाराच्या शहरातल्या रसिकांसाठी. आपल्याकडे सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखली जाणारी ‘गाथासप्तशती’ घ्या. तिच्यात गोदाकाठ आहे, नांगऱ्या आहे, पिकाच्या राखणीला बसलेली त्याची बायको आहे. पण आडून बोलण्याची तिची ढब ओळखणारा वाचक नागर आहे. एवढ्यावरून हे सारे खोटे ठरवण्याची घाई मात्र करू नये. व्हर्जिलच्या गोपगीतांपैकी पहिलेच पाहा. इसवी सनापूर्वी ४२ साली फिलिपीची लढाई झाली आणि विजयी सैनिकांना इनाम देण्यासाठी इटलीतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेण्यात आल्या. त्या गीतात दोन गुराखी भेटतात. एक झाडाच्या सावलीत पावा वाजवत बसला आहे, कारण त्याची जमीन वाचली. दुसरा शेळ्या हाकत देशोधडीला निघाला आहे, कारण त्याची गेली. पुढच्या दोन हजार वर्षांत नक्कल करणाऱ्यांनी पावा उचलला आणि शेळ्या हाकणाऱ्याला मागे सोडले. दोष द्यायचा तर तो या नकलांना द्यावा.

आपले गोकुळही असेच आहे. कालियाची कथा म्हणजे गुरांच्या पाणवठ्यात विष उतरल्याची कथा. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली ‘कालिया मर्दन’ केला, आपली मुलगी मंदाकिनी हिला कृष्ण केले आणि कॅमेऱ्याच्या करामतींनी डोहातले युद्ध पडद्यावर आणले. गोकुळातल्या खोड्या आणि नागाशी झुंज एकाच चित्रपटात नांदतात. मराठी माणसाने निर्मिलेल्या आरंभीच्या चित्रपटांतच गुराख्यांचे गाव आणि अद्भुत अशी एकत्र आली, हे या दोन आवडींची सांगड आपल्याला परकी नसल्याचे चांगले प्रमाण आहे. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो काला. संतांच्या अभंगांतून आणि कीर्तनांतून आलेल्या या प्रसंगात सगळे गोपाळ आपापल्या शिदोऱ्या सोडतात. कुणाची भाकरी शिळी, कुणाचा दहीभात. ते सारे एकत्र कालवून कृष्ण सर्वांना वाटतो आणि पांगळ्या पेंद्याच्या हातचाही घास खातो. त्या उष्ट्यासाठी देव मासे होऊन यमुनेत येतात, तर कृष्ण पोरांना सांगतो, हात पाण्यात धुऊ नका, पुसून टाका. स्वर्गालाही न मिळणारे अन्न गुराख्यांच्या पंगतीत आहे, ही केवढी धीट कल्पना! ती ज्या समाजात गायली गेली, तिथे कुणी कुणाच्या हातचे खावे याचे नियम जन्माने ठरत होते.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला मोठा आक्षेप रेमंड विल्यम्स यांचा. वेल्सच्या सीमेवरच्या खेड्यात रेल्वेच्या सिग्नलमनच्या घरी जन्मलेल्या या समीक्षकाने १९७३ साली ‘द कंट्री अँड द सिटी’ हे पुस्तक लिहिले. इंग्रजी कवितेतल्या सुंदर खेड्यातून कष्ट करणारा माणूस कसा गाळला जातो, हे त्यांनी एकेक कविता हाती घेऊन दाखवले. बेन जॉन्सनच्या पेन्सहर्स्टवरच्या कवितेत मासे आपण होऊन जाळ्यात शिरतात आणि फळे हाताला लागतील इतकी खाली येतात. मासे पकडणारा आणि फळे तोडणारा मात्र कवितेत नाही. या आक्षेपाला माझ्यापाशी पूर्ण उत्तर नाही आणि ते असावे असेही मला वाटत नाही. विल्यम्स यांनी वाचकाला एक प्रश्न शिकवला : इथे काम कोण करते? तो प्रश्न खिशात ठेवून ही पुस्तके वाचावीत. जिथे उत्तर सापडत नाही, तिथे लेखकाने काहीतरी लपवले आहे. जिथे सापडते, तिथे आनंद कमी होत नाही, उलट तो घट्ट होतो.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे आणि तो आपल्याच घरातला आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेसमोर मांडताना डॉ. आंबेडकरांनी भारतीय खेड्याच्या गौरवाची कल्पनाच फेटाळली. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे डबके, असे त्यांचे खेड्याबद्दलचे निदान होते. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले आणि गावाच्या त्याच चौकटीत महारवाड्यातल्या माणसाला कुठे उभे राहावे लागते, हे मराठी वाचकाने वाचले. ज्याच्या वाट्याला गावकुसाबाहेरची जागा आणि दुसऱ्याच्या हाताने ओंजळीत ओतलेले पाणी आले, त्याला गावाच्या रम्यतेची गोष्ट कोणत्या तोंडाने सांगायची? या आक्षेपापुढे मान तुकवून मला एक भेद करायचा आहे. रम्य गावाची कल्पना ही एक गोष्ट आणि ‘चला, खेड्याकडे परत’ हा कार्यक्रम ही दुसरी. कल्पनेचा कार्यक्रम झाला की ती खऱ्या गावावर पांघरूण घालते, आणि आंबेडकरांचा प्रहार नेमका त्या पांघरुणावर होता. पण काल्याची कल्पना खऱ्या गावाचे वर्णन करतच नाही. खऱ्या गावात जे घडू दिले जात नव्हते तेच ती सांगते. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपुरात काला होत आला, आणि त्याच पंढरीत चोखोबांची समाधी देवळाच्या दाराबाहेर राहिली. विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. काला गाणाऱ्यांनी दार उघडले नाही, हा काला गाणाऱ्यांवरचा ठपका आहे. तो ठपका ठेवताना आपण ज्या मापाने मोजतो, ते मात्र काल्यानेच दिलेले आहे.

मराठीतली या वाङ्मयप्रकारातली सर्वांत चांगली कादंबरी, माझ्या मते, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. १९५५ साली ती पुस्तकरूपाने आली आणि १९९५ साली अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीत तरुण मास्तर येतो. मेंढरे, कारभारी, शाळा, तालीम असे एक छोटे जग उभे राहते. ते मोहक आहे यात शंका नाही. पण माडगूळकर त्याला गोंजारत बसत नाहीत. पाऊस पडत नाही, मेंढरे मरतात, माणसे उरलेली जितराबे घेऊन वाडी सोडतात. व्हर्जिलच्या पहिल्या गीतातला देशोधडीला लागलेला गुराखी माणदेशात पुन्हा भेटतो तो असा. वाडी उठली तरी तिच्याविषयीची आपुलकी वाचकाच्या मनातून उठत नाही. दुष्काळ म्हणजे नेमके काय हिरावले जाते, हे त्या आपुलकीवाचून कळलेच नसते.

आता अद्भुताकडे वळतो. या विषयावरचे सर्वांत प्रसिद्ध इंग्रजी विवेचन एक स्मृतिव्याख्यान होते. ८ मार्च १९३९ रोजी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात, अँड्र्यू लँग यांच्या स्मरणार्थ, जे. आर. आर. टॉल्किन परीकथांवर बोलले. पलायनाच्या आरोपाला त्यांचे उत्तर होते की टीकाकार दोन माणसांत गल्लत करतात : तुरुंगातून सुटू पाहणारा कैदी आणि रणांगणावरून पळालेला शिपाई. कैद्याने भिंतीपलीकडचा विचार केला तर तो गुन्हा कसा? उत्तर चलाख आहे, पण मला ते अपुरे वाटते, कारण त्यात सुटका तेवढी आहे, परतणे नाही. त्यांची कादंबरी मात्र त्यांच्या व्याख्यानापेक्षा शहाणी आहे. टॉल्किन लहानपणी, १८९६ ते १९००, बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात राहिले होते आणि शहर त्या खेड्याच्या अंगावर कसे चालून आले हे त्यांनी पाहिले होते. १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला शायर हा हिरवा मुलूख तिथून येतो. कथेच्या शेवटाजवळ शायरचे रहिवासी असलेले चार हॉबिट जग वाचवून घरी परततात, तर शायरमध्ये झाडे तोडलेली, जुन्या गिरणीच्या जागी धूर ओकणारी नवी गिरणी, धान्य वसूल करून नेलेले, आणि नियमांच्या पाट्या जागोजागी. त्यांना स्वतःच्या गावासाठी पुन्हा लढावे लागते.

पीटर जॅक्सन यांनी २००१ ते २००३ या काळात तीन चित्रपट केले तेव्हा हा भाग वगळला. पहिल्या चित्रपटातल्या जादूच्या पाण्यात त्याची झलक दिसते, तेवढीच. शेवटी हॉबिट परततात तेव्हा गाव जसेच्या तसे आहे, गुत्त्यात तीच गर्दी. लांबीचे कारण दिले जाते आणि ते खोटे नाही, पण या एका कात्रीने टॉल्किनच्या गावाचा अर्थ बदलला. पुस्तकातले गाव राखावे लागते, पडद्यावरचे आपोआप राहते. न्यूझीलंडमध्ये माटामाटाजवळ एका मेंढ्यांच्या फार्मवर उभारलेले ते गाव आता कायमचे पर्यटनस्थळ आहे. बसमधून माणसे येतात आणि बहुतांश आतून रिकाम्याच असलेल्या दारांपुढे फोटो काढतात. ‘अद्भुतपट म्हणजे भूल’ असे म्हणणाऱ्याला हाताशी पुरावा हवा असेल, तर तो हा. मी तो नाकारत नाही.

पण दुसऱ्या बाजूचा पुरावा अधिक भक्कम आहे. हायाओ मियाझाकी यांचा ‘माय नेबर टोटोरो’ १९८८ साली जपानमध्ये प्रदर्शित झाला. दोन मुली वडिलांबरोबर गावात राहायला येतात, कारण आई जवळच्या रुग्णालयात दीर्घ आजाराने पडून आहे. कर्पूरवृक्षाच्या ढोलीत एक अजस्र, केसाळ, प्रेमळ प्राणी राहतो आणि तो मुलांनाच दिसतो. एवढे ऐकून हा गोड चित्रपट वाटेल. आता त्यातला एक प्रसंग पाहा. वडील दोन्ही मुलींना एकाच सायकलवर बसवून आईला भेटायला निघतात. वाटेत भातखाचरांत लावणी चालू आहे, लावणीसाठी शाळेला सुटी आहे आणि शेजारचा मुलगा घरच्यांबरोबर चिखलात उतरला आहे. माझ्या तिन्ही विषयांची गाठ या एका प्रसंगात पडते. सायकलवरून दिसते म्हणून दृश्य रम्य आहे, आणि तरीही काम करणारा माणूस त्यातून गाळलेला नाही. ही फेरी सहलीसारखी दिसते, पण तिच्या टोकाला आजारपण आहे. आई जगेल की नाही ही भीती मुलींच्या मनातून हलत नाही आणि टोटोरो आईला बरे करत नाही. तो धीर देतो, वाट दाखवतो, इतकेच. एक जास्तीचा तपशील सांगण्याजोगा आहे : हा चित्रपट पहिल्यांदा लागला तो इसाओ ताकाहाता यांच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ बरोबर, एकाच खेळात. दुसऱ्या महायुद्धात आईविना झालेली दोन भावंडे उपासमारीने मरतात, ही त्या दुसऱ्या चित्रपटाची कथा. एका तिकिटात दोन्ही दाखवणाऱ्या स्टुडिओवर वास्तव टाळल्याचा आरोप चिकटत नाही.

शिवाय गोष्ट पडद्यावर संपली नाही. टोकियो आणि साइतामा यांच्या सीमेवरच्या सायामा टेकड्यांवरून मियाझाकींनी ते रान रंगवले होते. त्या टेकड्यांवर घरबांधणीचे संकट आले तेव्हा १९९० साली स्थानिक लोकांनी निधी उभारला आणि त्याला टोटोरोचे नाव आणि चित्र वापरायला मियाझाकींनी परवानगी दिली. वर्गणीतून तुकड्या-तुकड्याने रान विकत घेतले गेले. पहिला तुकडा १९९१ साली, आणि आज अशी पन्नासहून अधिक राने त्या निधीच्या ताब्यात आहेत. ती नुसती कुंपण घालून ठेवलेली नाहीत. जुन्या काळी गावकरी जळणासाठी, खतासाठी रान जसे राखत, तसे स्वयंसेवक ते राखतात. चित्रपट बघून माणसे रडली, हसली आणि मग जमिनीच्या कागदावर सह्या झाल्या. पलायनवादाच्या सिद्धान्तात ही घटना कुठे बसवायची?

सायकलीचा इतिहासही असाच आहे. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी ‘रोव्हर’ बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. दहा वर्षांच्या आत कारखान्यातला कामगार आणि दुकानातला नोकर यांना सुटीच्या दिवशी शहराबाहेर पडणे शक्य झाले. एच. जी. वेल्स यांच्या १८९६ च्या ‘द व्हील्स ऑफ चान्स’मधला कापडदुकानातला नोकर सायकलवरून दक्षिण इंग्लंड पाहतो, सुटीभर स्वतःला कुणीतरी वेगळे समजतो आणि शेवटी दुकानात परततो. पण परतताना आपल्या जिण्याबद्दल त्याला काही प्रश्न पडलेले असतात. तेच प्रश्न संघटितपणे विचारणारेही होते. रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांनी १८९१ साली काढलेल्या ‘क्लॅरियन’ या समाजवादी साप्ताहिकाच्या वाचकांनी १८९४ मध्ये बर्मिंगहॅमला सायकल क्लब काढला. रविवारी ते गावोगाव फिरत, निसर्ग पाहत आणि पत्रके वाटत. लँकेशायरमध्ये १९१२ साली बांधलेले क्लॅरियन हाउस आजही रविवारी सायकलस्वारांना आणि चालणाऱ्यांना चहा देते. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर-शेफील्डकडच्या शेकडो तरुणांनी किंडर स्काउटच्या माळावर सामूहिक घुसखोरी केली, कारण तो माळ जमीनदारांनी शिकारीसाठी बंद ठेवला होता. त्यांचा विशीतला पुढारी बेनी रॉथमन पोलिसांना चुकवण्यासाठी आगगाडी टाळून सायकलने तिथे गेला होता. त्याच्यासह पाच जणांना तुरुंगवास झाला. एका दिवसाच्या धाडसाने कायदा बदलला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्यामागे दशकांची चळवळ होती. पण १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातला प्रवेश यांचा कायदा झाला, १९५१ मध्ये हा माळ ज्यात येतो तो पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला, आणि १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवरून सायकल नेण्याचा हक्क मिळाला. रविवारच्या मौजेचा कायदेशीर हक्क झाला, तो असा.

इथे तिसरा आक्षेप उभा राहतो आणि तो रास्त आहे. इंग्लंडचे ते सायकलस्वार कामगार होते. आपल्याकडे मुळशी-मावळच्या रस्त्यावर रविवारी दिसणारा हेल्मेटधारी बहुधा सुखवस्तू असतो आणि त्याच्या सायकलीच्या किमतीत दुभती म्हैस येते. त्याच रस्त्यावर दुधाच्या किटल्या लावलेली सायकल दामटणारा माणूस आणि सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकलवर शाळेला जाणारी मुलगी त्याला कशाच्या नात्याने सामोरी येतात? आणि गावाची ओढ वाढली की पुढचा टप्पा फार्महाउसचा, हेही आपण पाहतो आहोत. शेतकरी असल्याचा दाखला मिळवण्याची खटपट, मग एक एकर, मग कुंपण, मग फाटकावर ‘गोकुळ’ अशी पाटी. गावकऱ्यांची गुरे जिथून जात होती ती वाट त्या कुंपणात गेलेली असते. रम्य गावाच्या कल्पनेचा याहून मोठा पराभव मला सुचत नाही. शिदोऱ्या एकत्र करण्याच्या गोष्टीचे नाव शिदोरी झाकून ठेवण्याच्या जागेला दिले जाते.

तरीही सायकलीच्या बाजूने एक गोष्ट सांगता येते. गाडीच्या काचेतून गाव चित्रासारखे दिसते. सायकलवर चढ लागतो, वारा तोंडावर येतो, शेणाचा आणि मळणीचा वास येतो, कुत्री मागे लागतात, हवा गेली की पंक्चरवाल्याच्या टपरीवर थांबावे लागते आणि रस्ता विचारल्याशिवाय गत्यंतर नसते. अंगाला लागणाऱ्या या श्रमाने स्वार शेतकरी होत नाही. तसा आव आणणारे असतात, ते विनोदी दिसतात. पण ‘इथे काम कोण करते’ या विल्यम्स यांच्या प्रश्नाला त्याला तोंड द्यावे लागते, कारण काम करणारा माणूस हातभर अंतरावर असतो आणि बहुतेक वेळा तोच आधी हाक मारतो.

त्या हाकेला काय उत्तर द्यायचे, याविषयी एक ठोस सूचना करून थांबतो. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पाणंदी, शिवरस्ते आणि गाडीवाटा अतिक्रमणाने अरुंद होत चालल्या आहेत, काही ठिकाणी मोडल्या आहेत. पाणंद मोडली की शेतकऱ्याचा ऊस शेतात अडकतो, आजारी माणूस वस्तीवर अडकतो. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ ने शेतात जाण्यासाठी बांधावरून रस्ता मागता येतो. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने वहिवाटीच्या वाटेतला अडथळा दूर करून मागता येतो. दोन्ही अर्ज तहसीलदाराकडे जातात आणि शेतकरी एकटाच खेटे घालत राहतो. सुंदर वाट म्हणून जिथे आपण रविवारी सायकल घालतो, ती हीच पाणंद. तुमच्या सायकल क्लबांनी, मंडळांनी एक करावे : ज्या गावांतून तुमचा नेहमीचा फेरा जातो, तिथल्या ग्रामपंचायतीत जाऊन गावनकाशा पाहा, कोणती वाट नकाशात आहे आणि जमिनीवर नाही हे विचारा, आणि ज्या शेतकऱ्याने अर्ज केला आहे त्याची हरकत नसेल तर पुढच्या तारखेला तहसील कचेरीत त्याच्याबरोबर जा.